मशीन चांगलं हाय

केकाण सरांना शांत बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. सर गप्प झाले म्हणजे आता कुणाची तरी खैर नाही, हे आमच्या शाळेत स्वयंपाकाच्या मावशींपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

आमची शाळा म्हणजे तेलगावच्या रस्त्यावरची अंध मुलामुलींची निवासी शाळा. मी तिथं मराठी शिकवते. मला दिसतं. सर ब्रेल शिकवायचे; त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री, आणि खिशाला कायम एक पेन. मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं, "सर, पेन कशाला?"

"लोकांना लागतो ना, बाई. डोळेवाले लोक सहीला येतेत आन् पेन घरी इसरतेत. मंग आंधळ्यापाशी मागतेत. लई बरं वाटतं मला." हेसुद्धा ते चिडूनच बोलले. माझ्यावर नव्हे, कुणावर ते मला कळलं नाही.

एकदा कार्यक्रमाला एक पाहुणे आले होते. भाषणात गहिवरून म्हणाले, या मुलांना देवानं दिव्य दृष्टी दिली आहे, त्यांना पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखू येतो. टाळ्या पडल्या. सर उठले, माईकपाशी गेले, आणि डोकं पुढं करून म्हणाले, "साहेब, हे टेंगूळ बघा. काल नव्या खांबावर आपटलो. खांब मधी रवला आन् मला कुणी सांगितलं न्हाई. दिव्यबिव्य काय न्हाई आमच्याकडं. खांब रवताना सांगत जा, तेवढं पुरे." पाहुणे हसले, त्यांना वाटलं विनोद केला. विनोद कसला! दुसऱ्या दिवशी सरांनी खांब काढायला लावला.

'बिचारा' हा शब्द शाळेत बंद होता. मुलांनी एकमेकांना म्हटला तरी सर कान धरायचे. बाकी शिव्यांचं त्यांना फारसं वावडं नव्हतं. तापलेल्या दुपारी त्यांच्या तोंडून जे निघायचं ते मी इथं लिहिणार नाही.

या एवढ्या रागाला एक मूळ होतं. ते सरांनी मला एकदाच सांगितलं, भाजी निवडत बसलो होतो तेव्हा, सहज, बाजारभाव सांगावा तसं. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की नवरा-बायकोनं कोयता घ्यायचा, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या टोळीतून साखर कारखान्यावर जायचं, पाचटाची कोपी घालून राहायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं. आमच्या भागात निम्मी घरं हेच करतात. आंधळं पोर फडात कुठं भरकटेल म्हणून आई त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक बैलगाडीला बांधायची. "आईची काय चूक न्हाई," सर म्हणाले. "फडात पाचट पेटवतेत, विहिरी असतेत. पण त्या दोरीच्या बाहेर काय हाय, ते मला लई वर्षं कळलं न्हाई." मग मेथीची जुडी माझ्याकडं सरकवली आणि देठ लांब ठेवले म्हणून माझ्यावर ओरडले.

त्यामुळं दसरा जवळ आला की सरांचं डोकं फिरायचं. टोळ्या निघायच्या आधी आईबाप वसतिगृहात यायचे आणि पोरांना सोबत न्यायचं म्हणायचे. आंधळी पोरगी असली तरी कोपीत बसून धाकट्याचा झोका ओढू शकते, कामाचीच आहे. सरांनी त्यावर एक रिवाज पाडला होता. नवीन इयत्तेचं परिसर अभ्यासाचं ब्रेल पुस्तक बापापुढं ठेवायचं. बापानं मनाला येईल ते पान उघडायचं. पोरानं त्यावर बोटं फिरवून ते वाचायचं. वाचलं तर पोर शाळेत राहील, नाही वाचलं तर बापानं खुशाल घेऊन जावं, सर अडवणार नाहीत. शब्द दोन्हीकडून.

पान बापानंच उघडायचं, यावर सर अडून असायचे. आधी कुणीतरी म्हणालं होतं, "पोरीनं पाठ केलं आसंल, सर." ते सरांना झोंबलं होतं. आता बाप पुस्तक उलटंपालटं करून, कधी मागून, कधी मधूनच पान काढायचा. पोरगं वाचायचं. अक्षर न कळणारा बाप त्या पांढऱ्या कागदाकडं बघत राहायचा, स्वतःचं बोट त्या ठिपक्यांवर फिरवून बघायचा. आणि बहुतेक वेळा एकटाच परत जायचा.

हे सगळं चालायचं एका मशीनवर. ब्रेल छापायचं मशीन, कुण्या दानशूर माणसानं फार पूर्वी दिलेलं. मी पुस्तक कॉम्प्युटरवर टाइप करायची, कॉम्प्युटरमधून जाड वायरनं ते मशीनला जायचं, आणि मशीन जाड कागदावर ठिपके उठवायचं. आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या ताटल्या थरथरायच्या. मुलांना तो आवाज प्यारा होता, नवीन पुस्तक येतंय म्हणून. सर मशीनला स्वतः तेल घालायचे, फडक्यानं पुसायचे, आणि रोज सकाळी हात ठेवून म्हणायचे, "मशीन चांगलं हाय."

त्या वर्षी वैष्णवी पाचवीला गेली होती. सिरसाळ्याकडची पोर. बाप दत्ता, स्वभावानं बरा माणूस, पण घरी नवं बाळ झालेलं आणि म्हातारी आई वारलेली, म्हणजे बाळाला सांभाळायला कुणी नाही. त्यानं पावसाळ्यातच सांगून ठेवलं होतं, "सर, औंदा अवघड हाय." सर म्हणाले, "पान उघड आन् मंग बोल." पाचवीचा परिसर अभ्यास बदललेला, नवीन पुस्तक छापायलाच हवं होतं. मी उन्हाळाभर टाइप केलं. गणपती झाले की छपाई, असं ठरलं.

आणि मग अध्यक्षांचा वाढदिवस आला.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, रुग्णांना फळं, आणि त्या वर्षी कार्यकर्त्यांनी ठरवलं की 'अंध शाळेच्या संगणक कक्षाचं आधुनिकीकरण'. सुट्टीच्या दिवशी तालुक्याहून एक पोरगा आला, सगळ्या कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, फीत कापली, मुलांना स्क्रीनपुढं बसवून फोटो काढले. ज्या मुलांना दिसत नाही त्यांना स्क्रीनकडं बघायला सांगून! "बेटा, इकडं बघ, जरा हस." मी तिथंच उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर मात्र तेव्हा चिडले नाहीत. पुढं काय होणार ते त्यांना माहीत नव्हतं.

गणपती उठले. मी कागद लावला, छापायची आज्ञा दिली. काहीच नाही. परत दिली. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली, हे उपकरण ओळखता येत नाही. सरांनी मशीनवर हात ठेवला. गरम होत होतं, दिवा लागत होता, बटण दाबलं की स्वतःची चाचणी छापत होतं, खडखड, खडखड.

"मशीन चांगलं हाय, बाई."

"हो सर. पण कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही."

"कावून ओळखत न्हाई? काल-परवापर्यंत ओळखत होता की!"

तो तालुक्याचा पोरगा आला. त्याचा काही दोष नव्हता, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. म्हणाला, सर, याचा ड्रायव्हर जुन्या सिस्टीमचा आहे. ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, तो मशीनचं बोलणं कॉम्प्युटरला आणि कॉम्प्युटरचं मशीनला समजावतो. नवीन सिस्टीम तो जुना ड्रायव्हर घेत नाही.

सर म्हणाले, "म्हणजे मुकादम. टोळी तयार हाय, कारखाना चालू हाय, पण कारखाना म्हणतो ह्या मुकादमाला मी वळखत न्हाई. मंग टोळीनं कोयते घेऊन गेटावर बसायचं."

"तसंच, सर."

"मंग नवीन मुकादम आण की बे!"

नवीन ड्रायव्हर नव्हता. मशीन बनवणाऱ्या कंपनीला मी फोन लावून दिला. पलीकडची मुलगी गोड आवाजात हिंदीत म्हणाली, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. सरांनी फोन माझ्या हातातून ओढला. "मॉडेल सपोर्ट में नहीं मतलब क्या? मर गया क्या? मेरे सामने जिंदा बैठा है! हाथ लगाके देखो!" ती म्हणाली, सर, नवीन मॉडेल घ्या. सरांनी तिला विचारलं, तुमच्या घरी आजी आहे का, तिचा चष्मा बदलला की आजी बदलता का? फोन कट झाला. सर कितीतरी वेळ कट झालेल्या फोनवर बोलत होते.

मग जुनी सिस्टीम परत टाका म्हटलं, तर तो पोरगा म्हणाला, आता ती कुठंच मिळत नाही. मी टाइप केलेलं पुस्तक कॉम्प्युटरात सुखरूप होतं. मशीन शेजारच्या टेबलावर ठणठणीत होतं. मधलं हातभर अंतर काही केल्या ओलांडता येईना. आजही ते आठवलं की मला काहीतरी फोडावंसं वाटतं.

आम्ही भाऊंकडं गेलो. बैठकीत माणसं बसलेली. भाऊ प्रेमळपणे म्हणाले, "सर, नव्या मशीनचा प्रस्ताव पुढच्या वर्षी टाकू. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"भाऊ, टोळ्या पुढच्या वर्षी न्हाई निघणार. दसऱ्याला निघणार हायेत."

"अहो, पण आपण सगळं लेटेस्ट केलंय—"

"कुणाला इचारलं?" सर इतक्या जोरात ओरडले की बैठकीतला चहावाला दारातच थबकला. "आमच्या घरात येऊन आमची चालू वस्तू मोडली तुमी, आन् वर फोटो काढले. एक माणूस इचारायला आला असता, केकाण, ह्या कॉम्प्युटरला काय जोडलंय, तर मी सांगितलं असतं. एक माणूस! पण आंधळ्याला कशाला इचारायचं, त्याला काय दिसतंय?"

भाऊंनी मान हलवून माझ्याकडं पाहिलं, जणू मी यांना आवरावं. मी नाही आवरलं. का आवरायचं?

परत आल्यावर सरांनी ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. हातानं एकेक ठिपका टोचत पहिला धडा लिहिला, मग दुसरा. एक धडा व्हायला दोन-तीन दिवस जायचे. बोटाला फोड आली. तेव्हाच मुख्याध्यापक हळूच येऊन म्हणाले, "सर, एक सुचवतो. जुन्या पुस्तकाला नवीन पुठ्ठा घालू. दत्ताला काय कळतंय? पोरगी घडाघडा वाचेल. तिच्याच भल्याचं आहे." माणूस वाईट नव्हता, त्यांनाही पोर जायला नको होती.

सर गप्प झाले. तीच ती शांतता. मग अगदी हळू म्हणाले, "त्याला वाचता येत न्हाई, मला दिसत न्हाई. आमी दोघं एकमेकांवर इस्वास ठेवून हा येवहार करतो. त्यात तुमी पुठ्ठा घालू नका." मुख्याध्यापक परत सरांकडं फिरकले नाहीत.

दत्ता आला. अंगावर नवा शर्ट, हातात केळी. सरांनी हातानं लिहिलेली पानं पुढं ठेवली. दत्तानं ती चाळली, दोन बोटांच्या चिमटीत जाडी बघितली.

"सर, पुस्तक एवढंच?"

"न्हाई. पुस्तक मोठं हाय. एवढंच झालं."

"मंग ह्यातलंच पान काढायचं? एवढं तर कुणीबी पाठ करंल." तो वाईट बोलला नाही, ओशाळूनच बोलला. "सर, तुमीच म्हणलतात ना, आख्खं पुस्तक. मी लई आशेनं आलतो. वाचलं असतं तर ठिवली असती, देवाशपथ. बाळाचं काहीतरी केलं असतं."

वैष्णवी सरांच्या खुर्चीला धरून उभी होती. म्हणाली, "सर, मी ह्यातलं पाठ न्हाई केलं. खरंच."

"मला म्हाईत हाय," सर म्हणाले. "पण बापाचं बरोबर हाय. जा."

ती गेली. रडली नाही. दाराशी जाऊन परत आली आणि पाटी-टोचणी मागून घेतली. सर उठून मशीनच्या खोलीत गेले आणि आतून धाडकन दार लावलं. मीही त्या दिवशी वर्गात मुलांवर उगाचच खेकसले.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी फोन हातात धरला तो सोडलाच नाही. जुने विद्यार्थी, त्यांचे मेहुणे, झेरॉक्सवाले, फोटोवाले. एकच प्रश्न. "तुमच्याकडं जुना कॉम्प्युटर हाय का? ज्याला कुणी सुधारलं न्हाई असा?" लोक हसायचे. सर त्यांना सोडायचे नाहीत. शेवटी उमापूरला एक लग्नपत्रिका छापणारा सापडला. त्याचंही आमच्यासारखंच, त्याचा जुना प्रिंटर नव्या सिस्टीमवर चालेना, म्हणून त्यानं जुना कॉम्प्युटर तसाच ठेवला होता, नेटला कधी न जोडता. पत्रिकांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर. तोवर नेतो, म्हणाले सर. तो नको-हो करत होता. सर त्याच्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. मी सोबत होते. चहा आला, जेवणाची वेळ गेली, गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी तो म्हणाला, "न्या बाबा, पण ह्याला काय सुधारू नका."

"सुधारणाऱ्याचे हात तोडीन," सर म्हणाले.

एसटीत सरांनी तो कॉम्प्युटर मांडीवर घेतला. मशीनच्या ड्रायव्हरची जुनी सीडी सरांच्या ट्रंकेत, शर्टांच्या घडीत होती, वर ब्रेलची चिठ्ठी चिकटवलेली. मी टाइप केलेलं पुस्तक पेन ड्राइव्हवरून त्यात उतरवलं, वायर जोडली, सीडी घातली. मशीन एकदम खडखडायला लागलं तेव्हा वसतिगृहातली सगळी पोरं धावत आली. सरांनी पहिलं पान हातात घेतलं, बोट फिरवलं आणि ओरडले, "समास कमी सोडलाय, बाई!"

ब्रेलचं एक पुस्तक म्हणजे चांगले दोन-तीन जाडजूड गठ्ठे होतात. ते दोन पिशव्यांत उभे रचून सर सांगलीकडच्या कारखान्यावर निघाले, दत्ताच्या टोळीला शोधत. मी स्टँडवर सोडायला गेले. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशव्या मागं टाका, लगेज लागंल."

"लगेज लाव. पण मागं टाकायच्या न्हाईत, आडव्या ठेवायच्या न्हाईत आन् वर कुणी बसायचं न्हाई. ठिपके दबतेत. ठिपके दबल्यावर पोरगी काय वाचंल, तुझं तिकीट?"

चार दिवसांनी सर एकटेच परत आले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "बापानं मधूनच पान काढलं. वाचलं तिनं. बाष्पीभवन. टोळीतल्या बायका कोयते टाकून ऐकत होत्या. दत्ता म्हणला, सर, मी शब्द मोडला न्हाई, तुमी उशिरा आलात. आता बाळाला कुणाच्या हवाली करू?" चपला काढत म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. उशीर आपल्याकडून झाला. पुस्तक ठिवून आलो." मग मावशींवर चहा गार दिला म्हणून ओरडले. चहा चांगला कडकडीत होता.

तुळशीचं लग्न झालं आणि कबूल केल्याप्रमाणं सरांनी कॉम्प्युटर उमापूरला नेऊन दिला. मशीनवर जुनी चादर घातली. भाऊंच्या अहवालात आधुनिकीकरणाचा रंगीत फोटो छापून आला. त्यात वैष्णवीही आहे, स्क्रीनकडं तोंड करून हसणारी.

टोळ्या परतल्या तेव्हा सरांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. दत्ता वैष्णवीला घेऊन शाळेत आला. ती उंच झाली होती, काळवंडली होती. पिशव्या तिनं स्वतः धरल्या होत्या, उभ्या. तिनं गठ्ठा सरांच्या हातात दिला.

सरांनी पान उघडून बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. दुसरं पान, तिसरं. ठिपके सपाट झाले होते, कितीतरी ओळी नुसताच गुळगुळीत कागद. सरांचा आवाज चढला. "कोण बसलं ह्याच्यावर? आं? दत्ता, सांगितलं होतं ना, उभं ठिवायचं! उशाला घेतलं का कुणी? एवढं मरमर करून—"

"सर, कुणी बसलं न्हाई," वैष्णवी म्हणाली. "वाचून वाचून गेले."

सरांना ओरडायला माणूसच उरला नाही. दत्ता मागून हळू म्हणाला, "बाळाचा झोका एका हातानं, सर, आन् पुस्तक दुसऱ्या हातानं. बायाबी म्हणायच्या, आज काय वाचतीस गं."

सरांनी ते पान तळहातानं पुसलं, पुस्तक मिटलं आणि काखेत धरून तरातरा मशीनच्या खोलीकडं निघाले. "मंग दुसरं छापावं लागंल," म्हणाले. कॉम्प्युटर उमापूरला आहे हे मी त्यांना काय सांगणार, त्यांनी स्वतःच तो मांडीवर घेऊन पोचवला होता.

मी दारापर्यंत गेले. सरांनी मशीनवरची चादर ओढून काढली होती, एक हात मशीनवर होता आणि दुसऱ्या हातात फोन. मला पाठमोरे दिसले. खिडकीच्या काचा हादरतील अशा आवाजात ते बोलत होते.

"हॅलो, उमापूर? केकाण बोलतोय. तुमची लग्नसराई कधी संपती एकदाची?"